अनिकेतची बहीण निकिता

प्रश्न : आमच्या मुलाचे नाव अनिकेत आहे. आता मुलगी झाली असून तिचे नाव निकिता ठेवावे, असे घरात चालले आहे. परंतु अनिकेत म्हणजे बेघर, असे आमच्या आत्याबाई सांगतात, तर निकिता हे रशियात पुरुषाचे नाव आहे, असे धाकट्या दिरांचे म्हणणे आहे. यात खरे काय समजावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दोघांचेही म्हणणे खरे आहे, मात्र आत्याबाईंचे अर्धेच.

निकेत म्हणजे घर, आणि ज्याला घर नाही तो अनिकेत. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘अनिकेतः स्थिरमतिः’ अशी भगवंताला प्रिय असलेल्या भक्ताची लक्षणे सांगितली आहेत. त्यांवर ज्ञानेश्वर महाराज ‘हे विश्वचि माझे घर । ऐसी मती जयाची स्थिर’ असे लिहितात, म्हणजे घर नसणे ही उणीव न राहता सारे जगच त्याचे घर होते. इतका चांगला अर्थ मराठीत उपलब्ध असताना ‘बेघर’ हा शब्द धरून बसण्याचे कारण नाही.

निकिताचे मूळ ग्रीक आहे. ‘निकी’ म्हणजे विजय. त्यावरून निकितास, म्हणजे विजेता, हे नाव झाले आणि ख्रिस्ती संतांच्या नावांबरोबर ते रशियात पोहोचून निकिता झाले. 1955 मध्ये भारतात येऊन गेलेले सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. इल्या, फोमा, कुझ्मा ही रशियन नावेही आकारान्त असून पुरुषांचीच आहेत. आपल्याकडचे दत्ता आणि कृष्णा आठवले, तर यात नवल वाटणार नाही.

गंमत अशी की, अनिकेतला ग्रीकमध्ये एक जुळा आहे. तिथे ‘अनिकेतोस’ म्हणजे अजिंक्य. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारताच्या परिसरात राज्य करणाऱ्या लिसिअस या इंडो-ग्रीक राजाने हे बिरुद आपल्या नाण्यांवर ग्रीक लिपीत कोरवले, आणि त्याच नाण्याच्या दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत ‘अपडिहतस’ असे प्राकृत रूप दिले. हा संस्कृतातील ‘अप्रतिहत’. म्हणजे दोन्ही भाषा जाणणाऱ्या त्या काळच्या माणसांनी उच्चारसाम्याला न भुलता अर्थ पाहिला. नकारदर्शक ‘अन्’ किंवा ‘अ’ हा दोन्ही भाषांना एकाच प्राचीन मूळ भाषेकडून मिळालेला आहे, परंतु पुढचे ‘निकी’ आणि ‘निकेत’ यांचा परस्परांशी संबंध नाही.

नावांच्या याद्यांत निकिताचे पृथ्वी, गंगा असे अर्थ छापलेले आढळतात. त्यांवर आम्ही विसंबणार नाही, कारण निकेतवरून स्त्रीलिंगी रूप करायचे तर ते निकेता होईल. आपल्याकडे निकिता रुजली ती अनिता, सुनीता, नमिता यांच्याशी नाद जुळल्यामुळे असावी, असा आमचा तर्क आहे.

तेव्हा नाव आवडले असेल, तर खुशाल ठेवावे आणि अर्थ विचारला गेल्यास विजेता असाच सांगावा. पुढेमागे मुलगी रशियात शिकायला गेली, तर केवळ नाव वाचणारा तिला मुलगा समजेल, एवढे तिला आधी सांगून ठेवावे.