वेरूळ-अजिंठ्याची सहल: हप्त्यावर, एफडी मोडून की थोडं थांबून?

नागपूरच्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. घरात पाच माणसं: त्या, यजमान, 13 वर्षांची मुलगी, 9 वर्षांचा मुलगा आणि 71 वर्षांच्या सासूबाई. दिवाळीच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला जाऊन वेरूळ, अजिंठा, दौलताबाद पाहायचं आहे. एका सहल कंपनीने 3 रात्री 4 दिवसांचं पॅकेज देऊ केलं आहे. ते 12 'बिनव्याजी' हप्त्यांत 58,000 रुपयांना पडतं आणि त्यावर प्रक्रिया शुल्क 999 अधिक जीएसटी. रोख भरल्यास 53,500. यजमानांचं म्हणणं, महिना 4,833 रुपये कळणारसुद्धा नाहीत. ताईंना वाटतं, 1,80,000 ची एफडी आहे, त्यातून 55,000 काढावेत. सासूबाई म्हणतात, माझ्यासाठी एवढा खर्च नको, पुढच्या वर्षी बघू. हातात येणारा पगार 68,000, घराचा हप्ता 19,000, घरखर्च आणि शाळा मिळून 33,000, एसआयपी 8,000. उरतात 8,000.

ताई, सहलीला जा, आणि याच वर्षी जा. पण हप्त्यावर नको आणि एफडी मोडूनही नको.

आधी हप्त्याचं बघू, कारण 'बिनव्याजी' या शब्दाने माणूस निर्धास्त होतो. रोखीची किंमत 53,500 असताना हप्त्याची 58,000 असेल, तर मधले 4,500 हे व्याजच आहे, फक्त त्याला वेगळं नाव दिलंय. त्यात शुल्काचे जीएसटीसह 1,179 मिळवा. म्हणजे 5,679 रुपये जास्त. वरवर हे 10 टक्क्यांच्या आसपास दिसतं. पण सगळी रक्कम वर्षभर तुमच्याकडे राहत नाही, दर महिन्याला तुम्ही ती फेडत जाता. त्यामुळे खरा दर काढला की तो वर्षाला 19 टक्क्यांच्या वर जातो. तुमचं गृहकर्जसुद्धा याच्या निम्म्याहून कमी दराने असेल. कुठल्याही बिनव्याजी योजनेत आधी एकच प्रश्न विचारावा: 'रोख दिले तर किती?' उत्तर तेच आलं तर हप्ता खरंच बिनव्याजी, नाहीतर नाही.

व्याजापेक्षाही मला दुसरी गोष्ट जास्त खटकते. तुमच्याकडे महिन्याला उरतात 8,000. त्यातले 4,833 वर्षभर बांधले गेले तर हाती राहतात जेमतेम 3,100. पुढची दिवाळी येईपर्यंत तुम्ही या दिवाळीची सहल फेडत असाल. मध्ये सासूबाईंचं काही दुखणं निघालं किंवा मुलांच्या शाळेने अचानक काही मागितलं, तर पुन्हा कार्डच पुढे करावं लागेल.

आता एफडी. तुमचे न टाळता येणारे खर्च महिन्याला 52,000 आहेत. त्या हिशेबाने 1,80,000 म्हणजे साडेतीन महिन्यांचीही बेगमी नाही. मी गृहकर्ज असलेल्या आणि एकाच पगारावर चालणाऱ्या घराला सहा महिन्यांची सांगतो. त्यातून 55,000 काढलेत की उरेल अडीच महिन्यांपेक्षा कमी. मुदतीआधी मोडल्याने व्याजही थोडं कमी मिळेल, पण तो मुद्दा किरकोळ आहे. नोकरीवर गदा आली तर तेव्हा हाताशी असणारा पैसा तेवढा एकच आहे, म्हणून त्याला हात लावू नका.

मग पैसा कुठून? तुम्ही जुलैत लिहिता आहात. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर या चार महिन्यांचे उरलेले 8,000 वेगळ्या खात्यात टाकलेत की 32,000 होतात. दिवाळीचा बोनस साधारण 25,000 येतो असं तुम्ही लिहिलंय. त्यातले 15,000 सहलीला. म्हणजे 47,000. बाकीचे 10,000 दिवाळीच्या कपड्या-फराळाला ठेवा, नाहीतर तो खर्च पुन्हा सहलीच्या पैशांवर येऊन बसतो. एसआयपी चालू राहू द्या.

47,000 मध्ये पाच जणांची सहल होईल का? मी तुमच्यासाठी मांडणी करून पाहिली, आणि ती करताना तुम्ही पाठवलेल्या पॅकेजच्या पत्रकाकडे नजर गेली. त्यात मंगळवारी सकाळी वेरूळ लिहिलंय. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठ्याची सोमवारी. कंपनीने हे चुकून लिहिलं असेल, पण तुम्ही 53,500 भरून कैलास लेण्याच्या बंद फाटकासमोर उभ्या राहिला असता. कुठलंही पॅकेज घेताना आधी वार बघा, मग किंमत.

माझ्या मांडणीत तुम्ही आधी जळगावला उतरायचं. अजिंठा संभाजीनगरपासून सुमारे 100 किलोमीटर आहे आणि जळगावपासून सुमारे 60. बहुतेक जण संभाजीनगरात मुक्काम करून अजिंठ्याला जाऊन-येऊन करतात, म्हणजे 200 किलोमीटर गाडी आणि पूर्ण दिवस. नागपूरकरांना त्याची गरज नाही. बुधवारी रात्री रेल्वेत बसा, पहाटे जळगाव गाठणारी गाडी निवडा, तिथून टॅक्सी करा, गुरुवारी अजिंठा बघा आणि तशीच गाडी पुढे संभाजीनगरला न्या. सामान गाडीतच राहील. खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटला थांबवतात, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचं असतं. एक मुक्काम वाचतो तो इथे. शुक्रवारी दौलताबाद आणि वेरूळ, तिथेच घृष्णेश्वराचं दर्शन. सासूबाईंना बाकी काही नको असेल, पण बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर असताना त्या चुकवणार नाहीत. शनिवारी बिबी का मकबरा, पाणचक्की, दुपारी विश्रांती आणि रात्रीच्या बसने घरी. रविवार थकवा काढायला मोकळा. यजमानांची रजा पडते दोनच दिवसांची, आणि मधल्या वारी हॉटेलंही तुलनेने स्वस्त असतात.

परतीला मी एसटीच सांगेन, आणि ते स्वस्त म्हणूनच. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. 13 वर्षांच्या मुलीलाही ते लागू होतं. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना निम्मं असतंच, आणि 9 वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट. म्हणजे पाच जणांचं भाडं तीन पूर्ण तिकिटांइतकं. पूर्ण भाडं फक्त यजमानांचं! खासगी बसला हा हिशेब लागत नाही. रेल्वेने तर ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्येच बंद केली आणि ती परत आलेली नाही. मुलाला रेल्वेत स्वतंत्र बर्थ हवा असेल तर त्याचंही पूर्ण भाडं पडतं.

अंदाज असा. जळगावपर्यंतच्या रेल्वेला 4,000. गुरुवारच्या टॅक्सीला 6,500, शुक्रवारच्या 3,500. दोन खोल्या दोन रात्री, कर धरून 9,500. परतीच्या एसटीला 3,500. जेवणखाण 9,000. प्रवेश तिकिटं, अजिंठ्याची आतली बस आणि सासूबाईंची डोली (माणसं खांद्यावरून वाहून नेतात ती खुर्ची) मिळून 3,500. गाईड 3,500. झाले 43,000. वर 4,000 असेच हाताशी. हे आकडे मी थोडे वरचेच धरले आहेत. टॅक्सीचं मात्र तुम्ही स्वतः दोन ठिकाणी विचारून ठरवा, कारण सगळ्या हिशेबात तोच आकडा सर्वांत जास्त हलतो.

यात एक आकडा मला फार बोलका वाटतो. प्रत्यक्ष लेणी, किल्ला आणि मकबरा बघायचे पैसे किती? अजिंठा 40, वेरूळ 40, दौलताबाद 25, मकबरा 25. तीन मोठ्यांचे 390 रुपये. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही, म्हणजे मुलगी पुढच्या वर्षीपर्यंत आणि मुलगा पुढची बरीच वर्षं मोफत. सत्तेचाळीस हजारांतले चारशेही नाहीत. बाकी सगळा खर्च तिथवर पोहोचण्याचा आणि राहण्याचा. म्हणून बचत करायची ती रात्री आणि किलोमीटर यांत करावी, जे बघायला निघालोय त्यात नव्हे.

त्याच कारणाने गाईडचे 3,500 मी मुद्दाम घातले आहेत आणि ते कापू नका. मी पहिल्यांदा अजिंठ्याला गेलो तेव्हा गाईड नको म्हणालो होतो. पहिल्या लेण्यातल्या मंद उजेडात पद्मपाणी बोधिसत्त्वाचं प्रसिद्ध चित्र समोर असून दोन मिनिटांत बाहेर आलो, कारण काय बघायचं हेच कळत नव्हतं. दुसऱ्या वेळी एका जाणकाराने त्या भिंतींवरच्या कथा उलगडून सांगितल्या आणि तासभर तिथून पाय निघेना. वेरूळला कैलास लेणं कळसाकडून पायाकडे, वरून खाली कोरत आणलंय, हे तुमच्या मुलीला वरच्या कड्यावरून कुणी दाखवलं, तर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण आणि आठवं शतक तिला पाठ करावं लागणार नाही. अधिकृत ओळखपत्र असलेला गाईड घ्या आणि किती लेणी, किती वेळ, किती पैसे हे सुरुवातीलाच बोलून घ्या. वेरूळला 34 लेणी आहेत, सगळी एका दिवसात बघायचा हट्ट नको. 16 नंबरचं कैलास, बौद्धांपैकी 10 नंबरचं आणि जैनांपैकी 32 नंबरचं एवढी नीट बघितलीत तरी दिवस सार्थकी लागेल.

सासूबाईंसाठी जास्तीचा विचार करायला हवा. अजिंठ्याला पायऱ्या चढून मग नालेच्या आकाराच्या वाटेवर बरंच चालावं लागतं. तिथे डोली मिळते, दर आधी ठरवा. दौलताबादच्या बालेकिल्ल्यावर त्यांना नेऊ नका. तुम्ही मुलांना घेऊन वर जाल तेव्हा यजमानांनी खाली त्यांच्यासोबत थांबावं. वेरूळला कैलास लेणं प्रवेशद्वारासमोरच आहे, तिथे त्यांना त्रास होणार नाही. 'पुढच्या वर्षी बघू' असं त्या म्हणतात ते तुमच्यावरचा भार कमी करायला. पण 71 व्या वर्षी जे गुडघे साथ देतात ते 73 ला देतीलच असं नाही, आणि थांबण्याचाही खर्च असतो. तो माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून स्पष्टच सांगतो: त्यांच्यासाठी हे वर्ष महत्त्वाचं आहे.

वय आणि मुलं दोन्ही असल्यामुळे हॉटेल असं निवडा की दोन-तीन दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे परत मिळतील, भले खोली थोडी महाग पडो. पॅकेजच्या पत्रकात शेवटच्या 15 दिवसांत रद्द केल्यास निम्मे पैसे कापायची अट आहे. एखाद्या तापाने 27,000 रुपये जाऊ शकतात.

बोनस लांबला किंवा कमी आला तर? मग कर्ज काढू नका, सहल लहान करा. एका मोठ्या खोलीत जादा गादी घेऊन पाचही जण राहिलात आणि रेल्वेत एसीऐवजी स्लीपर घेतलंत, तर खर्चात चांगलीच घट होते. तेवढ्यानेही भागलं नाही तर जानेवारीतला शनिवार-रविवार बघा, तोवर आणखी दोन महिन्यांचे 16,000 जमतील. शनिवारी अजिंठा, रविवारी वेरूळ, दोन्ही उघडी असतात.

यजमानांच्या पगारात एलटीए, म्हणजे रजेतल्या प्रवासासाठीचा भत्ता, असेल आणि त्यांनी जुनी कररचना घेतली असेल, तर रेल्वे आणि बसची तिकिटं जपून ठेवा. सूट फक्त प्रवासभाड्यावर मिळते, हॉटेल-जेवणावर नाही. नव्या कररचनेत ती नाही.

आता तारखा. दिवाळीनंतर लगेचचा आठवडा टाळा, भाऊबीज आटोपून लोक तेव्हाच बाहेर पडतात. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार धरा. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे सप्टेंबरमध्ये. तोवर तुमच्या वेगळ्या खात्यात 16,000 जमलेले असतील, तिकिटं आणि हॉटेलची आगाऊ रक्कम त्यातून निघेल. आणि सासूबाई व मुलगी, दोघींची आधार कार्डं बरोबर घ्या. एसटीत वाहक सवलतीसाठी ती मागतो.