जमीन आणि मत

प्रश्न : पश्चिम बंगालमधील ग्रामीण गरीब 34 वर्षे डाव्या आघाडीबरोबर होते, 2011 मध्ये त्यांच्यातील अनेकजण तृणमूल काँग्रेसकडे का वळले?

उत्तर : 1978 पासून डाव्या आघाडीच्या सरकारने राबवलेल्या ‘ऑपरेशन बर्गा’ने बटाईदारांची नोंद करून त्यांचा कसण्याचा हक्क आणि पिकातला वाटा सुरक्षित केला, त्यांच्या निष्ठेचा पाया जमीन हाच होता. त्यामुळे 2006 मध्ये सिंगूरला मोटार कारखान्यासाठी भूसंपादन सुरू झाले आणि मार्च 2007 मध्ये नंदीग्राममध्ये भूसंपादनाला विरोध करणाऱ्यांवरील पोलिसांच्या गोळीबारात 14 जण मृत्युमुखी पडले, तेव्हा हादरा नेमका त्या पायालाच बसला. अशा मतदाराला चंचल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय गावातली सरकारी कामे बहुधा सत्ताधारी डाव्या पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यामार्फतच होत; 2008 मध्ये पूर्व मेदिनीपूर आणि दक्षिण चोवीस परगणा येथील जिल्हा परिषदा तृणमूलने जिंकल्या, तेव्हा उघडपणे बाजू बदलण्याची धास्तीही ओसरली.