नवे लक्षण की जुन्याच दुखण्याची उचल?

प्रिय मैत्रिणीस,

तुमचे पत्र मिळाले. सात महिन्यांपूर्वी तुम्हाला उजव्या डोळ्याने धूसर दिसू लागले, डोळा फिरवला की दुखू लागले, आणि तपासण्यांअंती मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजेच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या मज्जातंतूंवरचे आवरण झिजवणारा एमएस हा आजार, असे निदान झाले. डोळा बराचसा सुधारला आणि औषधही सुरू झाले. पण आता घडी बसली असे वाटत असतानाच गेल्या सहा आठवड्यांत चार नव्या गोष्टी मागे लागल्या. गरम पाण्याने आंघोळ केली की अर्धा तास पुन्हा धूसर दिसते. मान खाली वाकवली की पाठीतून विजेसारखी सणक पायापर्यंत जाते. एका रात्री बरगड्यांभोवती कुणीतरी पट्टा आवळावा तसे झाले. आणि दुपारी असा थकवा येतो की बोलणेही नको वाटते. डॉक्टरांना दोनदा फोन करून झाला, तिसऱ्यांदा करायला संकोच वाटतो, आणि पती म्हणतात, “तू आता प्रत्येक गोष्ट त्या आजारालाच चिकटवतेस.” हे सगळे माझ्या मनाचे खेळ आहेत का, असे तुम्ही विचारता.

नाहीत. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून कुणाची तपासणी होत नाही. परंतु तुम्ही वर्णन केलेल्या चारही गोष्टी एमएसच्या रुग्णांमध्ये इतक्या वेळा आढळतात की त्यांतल्या काहींना वैद्यकशास्त्राने कधीच नावे देऊन ठेवली आहेत. मात्र चारही गोष्टींचा अर्थ एक नाही, आणि तुमची भीती मला वाटते तिथेच वाढते आहे, कारण तुम्ही त्या सगळ्यांना एकाच तराजूत तोलत आहात.

आंघोळीनंतरच्या धूसरपणापासून सुरुवात करते. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी 1890 मध्ये नोंदवले होते की अशा रुग्णांची दृष्टी व्यायामानंतर काही काळ मंदावते. त्यामागे व्यायाम नसून शरीरात वाढलेली उष्णता असते, हे पुढे कळले. ज्या मज्जातंतूवरचे मायलिनचे आवरण विरळ झाले आहे, तो एरवी आपले काम कसेबसे निभावतो. शरीराचे तापमान जरासे वाढले तरी त्यातून जाणारा संदेश अडखळतो, आणि शरीर निवले की पूर्ववत जाऊ लागतो. एमआरआय येण्यापूर्वी संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करीत असत, ते याच आधारावर. त्या अर्ध्या तासात तुमच्या डोळ्याला नवी इजा होत नाही. जुन्याच दुखण्याने तेवढ्यापुरती उचल खाल्लेली असते. पाणी कोमट घ्या, न्हाणीघरात हवा खेळती ठेवा आणि ही एक गोष्ट भीतीच्या यादीतून काढून टाका.

नवा झटका, म्हणजे आजाराने केलेली नवी इजा, ओळखण्यासाठी डॉक्टर वापरतात तो निकष तुम्हालाही ठाऊक असावा. नवे लक्षण, किंवा जुन्याच लक्षणात झालेली स्पष्ट वाढ, किमान 24 तास टिकली पाहिजे, त्या वेळी ताप किंवा जंतुसंसर्ग नसला पाहिजे, आणि मागचा झटका सुरू होऊन किमान 30 दिवस झालेले असले पाहिजेत. यातला जंतुसंसर्गाचा भाग फार महत्त्वाचा आहे. एमएसमध्ये लघवीचा जंतुसंसर्ग पुष्कळदा जळजळ न होताही असतो आणि त्याने जुनी लक्षणे चार-पाच दिवस चांगलीच बळावतात. म्हणून अचानक सगळेच बिघडल्यासारखे वाटले, तर आधी ताप मोजावा आणि लघवी तपासून घ्यावी.

मानेची सणक आणि बरगड्यांचा पट्टा यांबाबत मात्र मी तुम्हाला निर्धास्त करणार नाही. फ्रेंच मज्जातज्ज्ञ जाँ लर्मिट यांच्या नावाने ओळखली जाणारी ही सणक मानेतल्या मज्जारज्जूवर व्रण असेल तर उमटते, कारण मान वाकवली की तो भाग ताणला जातो. ती स्वतः घातक नसते आणि बहुधा हळूहळू ओसरते. पण तुमचा आजार डोळ्यापासून सुरू झाला होता, आणि मानेची ही तक्रार नवी असून रोज होते आहे. ती केवळ क्षणभर टिकते म्हणून 24 तासांच्या निकषात बसत नाही, असे समजू नका. दिवसांमागून दिवस पुन्हा पुन्हा होणारी सणक डॉक्टर एकच लक्षण म्हणून मोजतात. शिवाय ब-12 जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही अशी सणक येऊ शकते, म्हणजे शोध घ्यायला दुसरेही कारण आहे. तेव्हा तिसरा फोन याच आठवड्यात करा. संकोच कसला? डॉक्टरांना ही माहिती हवीच असते.

बरगड्यांभोवतीचा पट्टाही मज्जारज्जूतून येऊ शकतो. तरीही त्या रात्री तुम्ही एकटीने, “एमएसच असेल,” असे स्वतःला सांगत पहाट केली, हे वाचून मला काळजी वाटली. छाती पहिल्यांदा आवळून येते, विशेषतः धाप, घाम किंवा हाताजबड्यात कळ यांसह, तेव्हा ती हृदयाची बाब मानून तातडीने रुग्णालयात जायचे असते. काही मिनिटांत बोलणे अडखळू लागले किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला तरी पक्षाघात समजून तसेच करायचे, कारण एमएसचा झटका सहसा तासांत किंवा दिवसांत चढतो, क्षणात नव्हे. नव्याने दिसेनासे होणे, पायातली ताकद जाणे, तोल जाणे, लघवी अडणे, यांसाठी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

औषधाविषयीही तुमची निराशा झालेली दिसते. तुम्ही घेत आहात ते औषध पुढचे झटके कमी व्हावेत म्हणून आहे. झालेली इजा ते भरून काढत नाही आणि थकवाही घालवत नाही, त्यामुळे तो आला म्हणजे औषध निष्फळ ठरले, असा निष्कर्ष काढून ते परस्पर थांबवू नका. स्टेरॉइडने झटक्यातून सावरणे लवकर होते, पण शेवटी किती सुधारणा होणार यात सहसा फरक पडत नाही. म्हणून डॉक्टर प्रत्येक वेळी ते देत नाहीत, याचा अर्थ ते दुर्लक्ष करतात असा नव्हे.

थकव्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण तुमच्या पत्रात त्याला एकच वाक्य मिळाले आहे आणि त्याच वाक्यात तुम्ही स्वतःला आळशी म्हटले आहे. एमएसच्या बहुसंख्य रुग्णांना हा थकवा असतो. तो केलेल्या श्रमाच्या प्रमाणात येत नाही, झोपेने पुरता जात नाही आणि बाहेरून कुणाला दिसत नाही. त्यामागे रक्तक्षय, थायरॉइड, अपुरी झोप किंवा नैराश्य यांची भर आहे का, हे तपासून घ्या. यांवर उपचार आहेत, आणि नैराश्य या आजारात वारंवार आढळते. महत्त्वाची कामे सकाळी उरका, आणि दुपारची विश्रांती कोसळल्यावर नव्हे तर कोसळण्याआधी घ्या. पूर्वी या रुग्णांना व्यायाम वर्ज्य सांगत. आता झेपेल तसा नियमित व्यायाम हाच थकव्यावरचा एक चांगला उपाय मानला जातो. तो गार हवेत करा.

तुम्ही लिहिले आहे की रोज उठल्यावर एकेक डोळा झाकून खिडकीचा लाल पडदा दोन्ही डोळ्यांना सारखाच लाल दिसतो का, ते पाहता. ही तपासणी चुकीची नाही. डॉक्टरही लाल रंगाचा फिकेपणा विचारतात. पण रोजची तपासणी तुमचा दिवस भीतीने उघडते. ती आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी करा, आणि लक्षणांची एक वही ठेवा: काय झाले, केव्हा सुरू झाले, किती वेळ टिकले, त्या वेळी ताप किंवा उष्णता होती का. रात्री इंटरनेटवर शोधाशोध करण्यापेक्षा या चार रकान्यांतून डॉक्टरांना कितीतरी अधिक कळेल.

पुढच्या तपासणीला पतींना बरोबर न्या आणि वही त्यांच्या हाती द्या. त्यांच्या बोलण्यात मला अविश्वासापेक्षा धास्ती जास्त दिसते; तुम्हाला काही झालेले नसावे, असे त्यांना मनापासून वाटते आहे. थकव्याबद्दलचे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. तोपर्यंत त्यांना एवढेच सांगा की दुपारी दोन तास तुम्हाला उठवू नये, आणि छाती पुन्हा आवळली तर तुम्ही त्यांना त्याच क्षणी जागे कराल.