उरलेल्या दोन भाकऱ्या

"मावशी, प्रभूच्या नावात सलाम. मी मिरजेची, वय ४६, शाळेत शिकवते. चौदा महिन्यांपूर्वी माझे मिस्टर गेले. दोन वर्षं किडनीचा आजार, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. चर्चच्या मंडळीनं उपास केले, आळीपाळीनं साखळी प्रार्थना केली, तरी ते गेले. नंतर भेटायला आलेल्या एका बाईंनी सांगितलं, 'घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असणार.' तेव्हापासून चर्चमध्ये उभी राहते, पण गीत गळ्यातून निघत नाही. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. नणंद म्हणते, गोळी म्हणजे अविश्वास, त्या बंद कर आणि चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करायच्या, सभेला चल. कधी कधी वाटतं, देवानं मलाही न्यावं. जरा शांत वाटतं ते फक्त पहाटे, भाकरी करताना. हात अजून चारच भाकऱ्या थापतात. आम्ही मायलेक दोघंच, त्यामुळे दोन उरतात. त्या मागच्या घरातल्या आजींना देते. प्रार्थनेत मिळत नाही ती शांती पिठात मिळते, हे पाप आहे का?"

सलाम, बाळ. मावशी म्हणालीस, म्हणून मी अगं-तुगंच करते.

आधी गोळ्यांचं बोलू, बाकीचं नंतर. त्या बंद करू नकोस. अशा गोळ्या एकदम सोडल्या की त्रास वाढू शकतो. कमी करायच्या का, कधी करायच्या, हे ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांनी ठरवायचं. "देवानं मलाही न्यावं" हे मला लिहिलंस ते त्यांनाही याच शब्दांत सांग. "झोप येत नाही" एवढंच सांगून परत येऊ नकोस. आणि एखाद्या रात्री तो विचार फारच जवळ आला, तर मुलाला उठव आणि १४४१६ या नंबरवर फोन लाव. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं म्हणून गप्प राहू नकोस.

नणंदेला दुसरं कोणतं उत्तर देऊ नकोस, तुझ्या गावाचंच दे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल सुरू केलं. ज्या मिशननं शुभवर्तमान आणलं, त्याच मिशननं तुमच्याकडे ऑपरेशनचं टेबलही मांडलं. त्या लोकांना प्रार्थना आणि औषध यांच्यात भांडण दिसलं नाही. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या सोबत असायचा तो लूक पेशानं वैद्य, आणि पौल त्याला मोठ्या मायेनं 'प्रिय वैद्य' म्हणतो. नणंदही दुःखातच आहे, तिचा भाऊ गेलाय. तिच्याशी वाद घालू नकोस. "गोळी घेऊनच मी प्रार्थनेला बसते," एवढं सांग. सभेला जायचं की नाही ते तुझ्या मनावर. पण गोळ्या सोडल्या तरच चल, असं म्हणणाऱ्यांबरोबर जाऊ नकोस.

आता त्या बाईंचं बोलणं. ते वाचून मला राग आला, आणि तो मी लपवत नाही. मिलेत गावी त्रफिम नावाचा पौलाचा सोबती आजारी पडला. पौलानं काय केलं? त्याला तिथेच आजारी ठेवून तो पुढे गेला. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, निरोपांच्या गर्दीत, अर्ध्या ओळीत हे येतं. ज्याच्या हातून कितीतरी लोक बरे झाले, त्याचाच जवळचा माणूस बरा झाला नव्हता. आणि पौल कुणाच्या विश्वासाची मोजदाद करत नाही, नुसती बातमी देतो. बेथेसदाच्या तळ्याकाठचा तो माणूस ३८ वर्षं आजारी होता. प्रभूनं त्याला बरं केलं, तेव्हा आपल्याशी बोलतोय तो कोण, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याचा विश्वास कुणी मोजला होता?

पंडिता रमाबाईंची मनोरमा १९२१ साली गेली. एकुलती एक मुलगी, आईच्या कामाचा उजवा हात. रमाबाई तिच्यामागे वर्षभरही राहिल्या नाहीत, १९२२च्या एप्रिलमध्ये गेल्या. तोवर केडगावला बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. रमाबाईंच्या दारात जाऊन "तुमचा विश्वास कमी पडला" असं म्हणायची कुणाची छाती झाली असती? मग तुझ्या दारात ती का झाली? तू एकटी होतीस, दमलेली होतीस, उलट बोलणार नव्हतीस, म्हणून.

हे मला आमच्या घरातून माहीत आहे. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना तापानं गेला. तेव्हा आईलाही असंच कुणीतरी म्हणालं होतं, घरात पाप लपलंय. त्यानंतर दोन वर्षं आईनं चर्चमध्ये प्रभुभोजन, ती भाकर आणि द्राक्षारस, घेतलं नाही. इतर लोक पुढे जायचे आणि ती पदर सावरत बाकावर बसून राहायची. तिला बरं केलं ते आमच्या पाळकांच्या बायकोनं, पाळकीणबाईंनी, आणि तेही उपदेश न करता. दर गुरुवारी त्या दुपारच्या यायच्या, आईसमोर मेथीची जुडी सोडायच्या आणि निवडायला बसायच्या. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मी शाळेतून यायचे तेव्हा दोघी गप्प असायच्या. कित्येक महिन्यांनी एका गुरुवारी आई अचानक भावाच्या चपलांबद्दल बोलायला लागली, त्या कशा नवीनच होत्या, एकदाच घातल्या होत्या, आणि बोलता बोलता रडली. पाळकीणबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. पुढच्या महिन्यात आई प्रभुभोजनाला उठली.

म्हणून तुझ्या पत्राची शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तू एलीया संदेष्ट्याची गोष्ट शाळेत, संडे स्कूलमध्ये ऐकली असशील, पण आपल्याला सांगतात ती कर्मेल डोंगरावरच्या अग्नीची. त्याच्या पुढचा अध्याय काढ, पहिल्या राजांचा १९वा. ईजबेल राणीच्या धमकीनं एलीया पळाला, रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे झालं, माझा जीव घे. तुझंच वाक्य. देवानं त्याला रागावून विचारलं का, की कालच एवढा चमत्कार पाहिलास आणि आज हे? नाही. त्याला झोपू दिलं. मग दूताने हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचा चंबू होता. त्यानं खाल्लं आणि तो परत झोपला. दूत दुसऱ्यांदा आला आणि पुन्हा जेवायलाच उठवलं. देवाशी मोठं बोलणं झालं ते पुढे, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला गेल्यावर. त्याआधी फक्त झोप आणि भाकर.

पहाटे तू पीठ मळतेस, पाण्याचा हात फिरवतेस, भाकरी तव्यावर टाकतेस, ती फुगेपर्यंत तिच्याकडे बघत उभी राहतेस. त्या वेळात मन निवतं. मी सांगते, ती प्रार्थना आहे. तिला शब्द नाहीत, एवढंच. आणि त्या उरलेल्या दोन भाकऱ्या. तुझे हात अजून त्यांच्या वाटणीचं थापतात, आणि ते वाया न घालवता तू मागच्या दारानं आजींकडे नेतेस. चौदा महिने नेतेस. जिचा विश्वास संपलाय ती बाई हे करत नाही गं. तू चारच थाप. तीनवर किंवा दोनवर यायची घाई नको, कुणी सांगितलं तरी.

गाण्याचं लिहिलंस. पुस्तक उघडून उभी राहा, बसावंसं वाटलं तर बस, मागच्या बाकावर जा. शेजारची गाते, तिच्या गाण्यात तुझंही धरलेलं असतं, मंडळी त्यासाठीच असते. घरी वाचायला ८८वं स्तोत्र घे. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलंय, कुणी गाळलं नाही. तुझ्या पाळकसाहेबांना त्या बाईंचं बोलणं सांग. तक्रार म्हणून नको. पुढच्या घरात असं बोललं जाऊ नये, ही जबाबदारी त्यांची आहे, आणि त्यांच्या कानावर गेल्याशिवाय ते काही करू शकणार नाहीत.

एक गोष्ट मात्र राहिलीय, आणि ती तू विचारलेली नाहीस. एवढ्या लांब पत्रात मुलाबद्दल एकच शब्द आहे, 'मायलेक'. तोही दोन वर्षं डायलिसिसच्या दाराबाहेर बसला असेल. त्यानंही उपास केले असतील. उद्या पहाटे त्याला उठव, परातीपाशी बसव, एखादी वेडीवाकडी भाकरी थापू दे. आणि तवा तापेपर्यंत त्याला विचार: त्या बाई बोलल्या तेव्हा तू घरात होतास का रे?