क्रियापदं पाठ आहेत, पण वाक्यात बसत नाहीत

प्रश्न : ताई नमस्कार, मी नांदेडची, बीकॉम झालंय, बाहेर शिकायला जायचंय म्हणून आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करतेय. ॲडव्हान्स्ड व्हर्ब्सच्या याद्याच्या याद्या पाठ केल्यात, मिटिगेट, अलिव्हिएट, इनकर, गार्नर वगैरे, पण निबंधात टाकले की क्लासचे सर खाली रेघ मारतात, म्हणतात हे इंग्रजी वाटत नाही. अर्थ तर बरोबर असतो, मग चुकतं कुठे?

उत्तर : अगं अर्थ बरोबरच असेल, पण इंग्रजी क्रियापद एकटं येत नाही, त्याच्यापुढे कोण बसणार हे बरंचसं ठरलेलं असतं आणि नेमकं तेच यादीत नसतं. मिटिगेट म्हणजे कमी करणे असं पाठ केलं की हात आपोआप 'मिटिगेट माय एक्सपेन्सेस' लिहितो. पण मिटिगेटला लागतं रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट असलं काहीतरी, खर्चाला साधं रिड्यूस नाहीतर कट. अलिव्हिएट म्हणजे हलकं करणे, पण अलिव्हिएट होते ती पेन, सफरिंग, पॉव्हर्टी. गार्नर म्हणजे मिळवणे, पण गार्नर करतात सपोर्ट किंवा अटेन्शन. आणि इनकर तर तुझ्या कॉमर्सचाच शब्द आहे, त्याच्यापुढे लॉस येतो, कॉस्ट येते, कर्ज येतं, कुणाचा राग पण येतो, म्हणजे सगळं अंगावर येणारं, त्यामुळे 'इनकर्ड अ प्रॉफिट' लिहिलंस की सर रेघ मारणारच. साध्या कॉजचं पण तसंच, त्याच्यामागून बहुतेक वेळा वाईटच येतं, प्रॉब्लेम, डॅमेज, डेथ. चांगला बदल घडला म्हणायचं असेल तर 'ब्रिंग अबाउट' घे.

दुसरी गोष्ट रचनेची. 'ही सजेस्टेड मी टू अप्लाय' हे आपल्याकडे भलेभले लिहितात, पण सजेस्टला ती रचना चालतच नाही. 'सजेस्टेड दॅट आय अप्लाय' म्हण किंवा 'सजेस्टेड अप्लाइंग'. तेच ॲडव्हाइजला 'मी टू अप्लाय' मस्त चालतं! अर्थ जवळजवळ एकच, रचना वेगळी, आणि ह्याला नियम नाही, प्रत्येक क्रियापदाची रचना त्याच्यासोबतच शिकायची. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये बरीच वर्षं शिकवत होते, त्यांनी हेच ओळखलं, त्यांची डिक्शनरी 1942 मध्ये आधी जपानमध्ये निघाली, 1948 मध्ये ऑक्सफर्डने छापली, आणि तिच्यात क्रियापदांच्या 25 रचना ठरवून प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या रचनेचा नंबर दिला होता. आजच्या लर्नर्स डिक्शनऱ्या, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या, त्याच वाटेवरच्या आहेत, ऑनलाइन फुकट मिळतात, अर्थ बघून बंद करू नकोस, खालची उदाहरणं वाच, खरा माल तिथेच असतो.

याद्या ठेव बाजूला. आठवड्याला चार-पाचच क्रियापदं घे, प्रत्येकाचं पुढच्या नामासकट आणि प्रीपोझिशनसकट एक वाक्य लिही, तेही स्वतःच्या घरचं किंवा गावचं, म्हणजे डोक्यात राहतं. आयएल्ट्सच्या रायटिंगला चार निकष असतात, शब्दसंपत्ती त्यातला एक, म्हणजे रायटिंगच्या एकूण मार्कांचा पाव हिस्सा, आणि तिथे सुद्धा कोलोकेशन बघतात, म्हणजे कुठला शब्द कुठल्या शब्दासोबत येतो ते. यूज पुरत असेल तिथे यूटिलाइज घालून एक मार्क वाढत नाही.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, क्लायंट अमेरिकेतले. मेलमध्ये प्रीपोन, रिव्हर्ट, 'डिस्कस अबाउट' हे चालतं का?

उत्तर : प्रीपोन, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, आपल्याकडे सर्रास चालतं, डिक्शनरीत पण गेलंय, पण तिकडच्या माणसाला कळेलच असं नाही म्हणून त्यांना 'मूव्ह अप' लिहा. रिव्हर्टचा तिकडचा अर्थ आधीच्या स्थितीला जाणं, कोडच्या बाबतीत तर नक्कीच, त्यामुळे 'प्लीज रिव्हर्ट' वाचून कुणी तुमचा बदलच मागे घेईल, सरळ रिप्लाय लिहा. 'डिस्कस अबाउट' मात्र कुठेच नको, 'डिस्कस द इश्यू' एवढंच. तसंच 'एम्फसाइज ऑन' मधला ऑन काढा, 'कोप अप विथ' मधला अप काढा.