स्वायत्तता, स्वातंत्र्य, स्वराज्य, सार्वभौमत्व: हे सगळं एकच का?

एकच नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत हे चार शब्द एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरलेले दिसतात, म्हणून तुम्हाला हा प्रश्न पडला असं तुम्ही लिहिलंय. मी यावल तालुक्यात राज्यशास्त्र शिकवतो. हा फरक समजवायला मला लांब जावं लागत नाही, फैजपूर जवळच आहे.

१९३५ च्या कायद्याने ब्रिटिशांनी ‘प्रांतिक स्वायत्तता’ दिली. म्हणजे शिक्षण, शेती, आरोग्य अशी प्रांताची खाती निवडून आलेल्या मंत्र्यांकडे. पण गव्हर्नरचे खास अधिकार शाबूत होते. वेळ आली तर मंत्र्यांना बाजूला सारून तो सगळा कारभार स्वतःकडे घेऊ शकत होता. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार तर व्हाइसरॉयच्याच मुठीत. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. तिथे हा कायदा नाकारला गेला, आपली घटना आपलीच संविधान सभा करील अशी मागणी झाली, आणि तरीही त्याच कायद्याखालच्या निवडणुका लढवायचं ठरलं. (विद्यार्थ्यांना हे विसंगत वाटतं. मला तो हिशेबी निर्णय वाटतो.) १९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. १९३९ मध्ये व्हाइसरॉयने इथल्या लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं, आणि काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. गावात शाळा काढायची की नाही हे मंत्री ठरवू शकत होते, ती स्वायत्तता. देश युद्धात उतरणार की नाही हे ज्याच्या हातात होतं, सार्वभौमत्व त्याचं.

स्वराज्य हा त्यातला सर्वांत सैल शब्द. १९२८ च्या नेहरू अहवालात (हे नेहरू म्हणजे जवाहरलाल यांचे वडील मोतीलाल) ‘वसाहतीचं स्वराज्य’ होतं, म्हणजे साम्राज्यात राहूनच आपला कारभार आपण करायचा. पुढच्याच वर्षी लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनात ‘पूर्ण’ हे विशेषण मुद्दाम जोडावं लागलं, तेव्हा कुठे त्याचा अर्थ स्वातंत्र्य असा पक्का झाला. आज तोच शब्द ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ यात आहे, आणि तिथे तो पुन्हा स्वायत्ततेच्याही खाली घसरतो. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर निवडणूक रखडली आणि कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे गेला. याला स्वराज्य म्हणायला जीभ धजत नाही.

महाविद्यालयाची स्वायत्तता त्या मानाने सोपी. विद्यापीठ अनुदान आयोगाकडून ठरावीक मुदतीसाठी दर्जा मिळतो, मग अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालयाच्या. पदवी मात्र विद्यापीठाचीच. आमच्या भागात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची. ‘कॉलेज स्वायत्त झालं, आता सरकारचा संबंध नाही’ असं पालक म्हणतात तेव्हा मी अनुदानित शिक्षकांचे पगार कुठून होतात ते विचारतो.

परीक्षेत स्वायत्ततेचं उदाहरण द्यायचंच असेल तर नंदुरबारचं द्या, ते कमी जण देतात. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी क्षेत्रात येतात, म्हणून तिथे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पंचायत कायदा, लागू आहे. गौण वनोपजाची (लाकूड सोडून मध, तेंदूपत्ता असं जंगलातलं उत्पन्न) मालकी, गावातल्या दारूविक्रीवर नियंत्रण, भूसंपादनाआधी सल्लामसलत, हे सगळं ग्रामसभेकडे किंवा ग्रामसभेमार्फत. राज्याच्या आदिवासी विकासाच्या निधीतला ५ टक्के वाटा थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. त्याला ‘अबंध निधी’ म्हणतात, आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभेत ठरतं. मात्र इथे एक गल्लत हमखास होते. ‘स्वायत्त जिल्हा परिषद’ हा सहाव्या अनुसूचीतला प्रकार, तो आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराममध्ये. तिला काही विषयांवर कायदे करता येतात. आपल्याकडच्या ग्रामसभेला ठराव करता येतो, कायदा नाही.

व्यक्तीच्या बाबतीत म्हणाल तर रोजच्या मराठीत कुणी स्वायत्तता म्हणत नाही. ‘तिचं ती ठरवील’ एवढंच म्हणतात. नापसंती असेल तर त्यालाच स्वैराचार म्हणतात. स्वयंपूर्णता मात्र या यादीत घेऊ नका, तो पैशाचा आणि धान्याचा प्रश्न आहे. स्वतःच्या खर्चाला समर्थ असलेल्या नगरपालिकेवरही प्रशासक बसू शकतो.