वेल्डर व्हायचंय? आधी वर्कशॉप बघा

प्रश्न: माझा मुलगा यंदा ५१ टक्क्यांनी दहावी झाला. त्याला आयटीआयला वेल्डर ट्रेडच घ्यायचाय. दीर म्हणतात, आमच्या ग्रिलच्या दुकानात बसव, दोन महिन्यांत शिकेल, वर्ष कशाला घालवता? शेजारी म्हणतात डोळे जातात. काय करू?
– एक आई, शिरोळ तालुका

उत्तर: ताई, त्याला वेल्डरच होऊ द्या. मी आयटीआयत याच ट्रेडचा निदेशक होतो. टक्क्यांवरून मी कधी मुलगा पारखला नाही. हा ट्रेड एक वर्षाचा आहे आणि आठवी पासलाही प्रवेश मिळतो, त्यामुळे ५१ टक्क्यांची लाज नको.

मात्र कॉलेज ठरवताना इमारत आणि जाहिरात बघू नका. शाळा चालू असलेल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास मुलाला घेऊन सरळ वर्कशॉपमध्ये जा. मशिनं चालू आहेत का? मुलांच्या हातात होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड धरायचा चिमटा, आहे, की चौघं उभी राहून एकाचं बघतायत? हात रॉड जाळूनच बसतो. वर्षभर पत्र्यावर पुरेसे रॉड जाळायला मिळत नसतील, तर त्या प्रमाणपत्राला कारखान्यात कोणी विचारत नाही. भंगाराचा डबाही बघा. कापलेले, वाकवून तपासलेले जॉब, म्हणजे सरावाचे जोडलेले तुकडे, त्यात पडलेले असले की समजा, तिथे काम होतं. ७०१८ नंबरचे रॉड गरम ओव्हनमध्ये ठेवलेले दिसले, तर ते निदेशक मनापासून शिकवणारे आहेत. हा रॉड हवेतला ओलावा ओढतो, मग त्यातला हायड्रोजन धातूत शिरतो आणि वरून सुरेख दिसणारा सांधा काही तासांनीही आतून तडकतो. सीओटू आणि टिग, म्हणजे गॅसच्या आवरणात करायच्या वेल्डिंगचे, सेट आहेत का, हे विचाराच. पण ते चालू करून दाखवा म्हणा.

दिरांचं दुकान वाईट नाही. पण तिथे पातळ चौकोनी पाइप, तोही बहुतेक टेबलावर आडवा ठेवून जोडायचा. उभं आणि डोक्यावरचं वेल्डिंग तिथे क्वचितच करायला मिळतं. तुमच्या भागात साखर कारखाने आहेत. बंद हंगामात तिथे बॉयलरचं काम निघतं, आणि त्या नळ्यांना हात लावायचा तर बॉयलर नियमांप्रमाणे परीक्षा दिलेलाच वेल्डर लागतो. खरी किंमत या परीक्षांना आहे. त्यातली सिक्स-जी म्हणजे ४५ अंशांत घट्ट बसवलेला पाइप. तो न फिरवता आपण भोवती फिरून, वाकून, खालून जोडायचा. रूट, म्हणजे सांध्याचा सगळ्यात आतला थर, नीट उतरला नाही तर एक्स-रे लगेच सांगतो. आयटीआयचं वर्ष हा त्या वाटेवरचा पाया. पुढे १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यातली उमेदवारी, करता येते, विद्यावेतनासह. मुंबईची माझगाव गोदी वेल्डर ट्रेडचे अप्रेंटिस घेते. तिरुचिरापल्लीला भेल या सरकारी कंपनीची वेल्डिंग संशोधन संस्था आहे, तिथे पुढचं प्रशिक्षण मिळतं.

डोळ्यांची भीती निराधार नाही. उघड्या डोळ्यांनी आर्क, म्हणजे वेल्डिंगचा प्रखर झोत, बघितला की काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं. हे एक-दोन दिवसांत बरं होतं, पण पुन्हा पुन्हा होऊ देणं घातक आहे. हाताच्या वेल्डिंगला दहा-अकरा शेडची (काळेपणाचा नंबर) काच, तीही हेल्मेटमध्ये. गॉगल चालत नाही. दुसऱ्याच्या आर्कचाही चटका बसतो, म्हणून मध्ये पडदे हवेत. आणि जीआय पाइप जोडण्याआधी जस्ताचा थर घासून काढायचा, मोकळ्या हवेत काम करायचं. नाहीतर तो धूर छातीत जाऊन रात्री थंडीताप भरतो. आयटीआयत हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात. दुकानात हे सांगतीलच असं नाही.

रविवारी त्याला काकांकडे जरूर पाठवा, हात सुटेल. फक्त हेल्मेट, चामड्याचे हातमोजे आणि बूट तुम्ही स्वतः घेऊन द्या, आणि सिंथेटिक कपडे घालून जाऊ देऊ नका.